न पाठवलेल्या फील्डचं काय करायचं

ॲप आणि सर्व्हर एकमेकांना डेटा पाठवताना तो ज्या साध्या मजकुराच्या रूपात लिहितात ते जेसन, आणि त्याचं अख्खं व्याकरण एका पानावर मावतं. ऑब्जेक्ट (नाव-किंमत अशा जोड्या, प्रत्येक जोडी म्हणजे एक फील्ड), ॲरे (यादी), स्ट्रिंग (मजकूर), संख्या, ट्रू, फॉल्स आणि नल ('काहीच नाही'). संपलं. डग्लस क्रॉकफर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते वापरायला घेतलं, तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट लिहायची जी पद्धत होती तीच त्यांनी उचलली. आपण हे शोधलं नाही, ते आधीपासून होतंच, आपल्याला फक्त दिसलं, असं क्रॉकफर्ड सांगत आला आहे. पुढे त्यावर मानकं निघाली (आरएफसी हे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित कागद, एक्मा ही मानकं ठरवणारी संस्था): २००६ मध्ये आरएफसी ४६२७, २०१३ मध्ये एक्मा ४०४, २०१४ मध्ये आरएफसी ७१५९ आणि २०१७ मध्ये आरएफसी ८२५९. इतके कागद झाले, पण व्याकरण जवळपास होतं तिथेच राहिलं. सगळ्यात बाहेर ऑब्जेक्ट किंवा ॲरेच हवा ही अट गेली, दोन सिस्टीममधल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सक्तीचं झालं, बाकी खुलासेच. कॉमेंट तर क्रॉकफर्डने मुद्दाम काढून टाकल्या, कारण लोक त्यांत पार्सरसाठी (जेसन वाचून उलगडणाऱ्या प्रोग्रामसाठी) सूचना लिहायला लागले होते.

मला हा हट्टीपणा आवडतो. पण इतकं लहान व्याकरण फुकटात मिळत नाही. तारीख कशी लिहायची, पैसे कसे लिहायचे, एखादी गोष्ट माहीत नसेल तर काय लिहायचं, यातलं काहीच जेसन ठरवत नाही. ते ठरवायचं काम सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडतं. फ्रेमवर्क (जँगो, फ्लास्क, एक्सप्रेस, रेल्स यांसारखा सर्व्हरच्या कोडचा तयार सांगाडा) मात्र असा आव आणतं की ते काम त्यानेच उरकलंय. एका ओळीत बॉडी (रिक्वेस्टसोबत आलेला मजकूर) वाचून तयार ऑब्जेक्ट हातात ठेवलं की वाटतं, झालं. माझ्या मते काम तिथून पुढे सुरू होतं, आणि त्यातला मुख्य प्रश्न हा की न पाठवलेल्या फील्डचं काय करायचं.

आधी ती बॉडी हातात येण्याबद्दल. नव्याने बॅकएंडला (सर्व्हरच्या बाजूला) आलेला माणूस पोस्टमन हे रिक्वेस्ट पाठवून बघायचं साधन वापरतो, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, पोस्टमनमधून डेटा बरोबर जातोय, पण सर्व्हरवर सगळं रिकामंच दिसतंय." पीएचपीमध्ये पोस्टचा ॲरे रिकामा, जँगोमध्ये रिक्वेस्टचं पोस्ट रिकामं, एक्सप्रेसमध्ये बॉडी अनडिफाइंड. कारण एकच. या सगळ्या सोयी एचटीएमएल फॉर्मच्या काळातल्या. फॉर्म म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांची सपाट माळ, आणि त्यातली प्रत्येक किंमत शेवटी मजकूरच. एकात एक गुंतलेलं काही असू शकतं, संख्या संख्या म्हणूनच येऊ शकते, हे त्या साच्याला ठाऊक नाही. म्हणून पीएचपीमध्ये इनपुटचा कच्चा प्रवाह वाचावा लागतो, जँगोमध्ये बॉडीचे बाइट घेऊन आपणच जेसन उलगडावा लागतो, आणि एक्सप्रेसमध्ये जेसनचं मिडलवेअर (रिक्वेस्ट वाटेत हाताळणारा कोड) रूटच्या (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जातो ते सांगणाऱ्या ओळीच्या) आधी लावावं लागतं. ते रूटच्या नंतर लावलं तर उपयोग शून्य, आणि तक्रारही कुणी करत नाही.

मिडलवेअर लावूनही बॉडी रिकामी आली, तर बहुतेक वेळा कन्टेन्ट-टाइपचा हेडर (बॉडी कोणत्या प्रकारची ते सांगणारं लेबल) चुकलेला असतो. पाठवणाऱ्याने मजकूर जेसनचा पाठवला, पण वर लेबल साध्या मजकुराचं लावलं. इथे लोक एक सोपी पळवाट काढतात. फ्लास्कमध्ये फोर्स नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की हेडर काहीही असो, बॉडी जेसन समजूनच वाचली जाते. रिव्ह्यूमध्ये असा फोर्स दिसला की मी तिथेच थांबतो. यामागे नुसता टापटिपीचा सोस नाही. दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरचं साधं फॉर्म ब्राउझरकडून आपल्या सर्व्हरवर साध्या मजकुराच्या लेबलाखाली हवा तो मजकूर पाठवू शकतं, सोबत वापरणाऱ्याच्या कुकीही जाऊ शकतात, आणि ब्राउझर आपल्याला आधी काही विचारत नाही. तेच लेबल जेसनचं असेल तर ब्राउझर दुसऱ्या साइटला परस्पर पाठवू देत नाही. आधी प्रीफ्लाइटची रिक्वेस्ट करून सर्व्हरची परवानगी घेतो. म्हणजे हेडर तपासणं हे एक फुकटात मिळालेलं कुलूप आहे. पाठवणाऱ्याचा हेडर चुकला असेल तर ४१५ ('हा प्रकार चालत नाही' असा स्टेटस कोड) द्यावा आणि मोकळं व्हावं. पाच मिनिटं तो वैतागेल, मग दुरुस्त करेल.

बाकीच्या दोन गोष्टी पटकन. बॉडी हा प्रवाह असतो, एकदा वाचला की बरेचदा संपतो. लॉग लिहिणाऱ्या मिडलवेअरने तो आधी पिऊन टाकला की हँडलरच्या (रिक्वेस्टचं खरं काम करणाऱ्या कोडच्या) वाट्याला काही उरत नाही. (आणि बॉडी जशीच्या तशी लॉगमध्ये ओतणाऱ्यांनी त्यात पासवर्डही असतो याचा विचार करावा.) दुसरं, आकाराची मर्यादा. मुद्दाम बदलली नाही तर एक्सप्रेसचा पार्सर १०० केबीला थांबतो, जँगो अडीच एमबीला. या मर्यादा वाढवायची विनंती येते तेव्हा बहुधा कोणीतरी फोटो मजकुरात रूपांतरित करून जेसनमध्ये कोंबत असतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. समजा एका प्रोफाइलमध्ये पर्यायी फोन नंबर आहे आणि तो बदलायच्या तीन रिक्वेस्ट येतात. पहिलीत ते फील्ड आहे, आत रिकामी स्ट्रिंग. दुसरीत फील्ड आहे, किंमत नल. तिसरीत फील्डच नाही. छापील अर्जात रकाना कोरा ठेवणं, रकान्यात 'निरंक' लिहिणं आणि अर्जावर तो रकानाच छापलेला नसणं, या तीन गोष्टींत जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे. पाठवणाऱ्याच्या मनातले हेतूही वेगळे असू शकतात: मी जागा रिकामी सोडली, माझा पर्यायी नंबर आता काढून टाका, या गोष्टीला हात लावू नका, मी फक्त पत्ता बदलतोय.

जेसन हे तिन्ही वेगळे ठेवतो. आपल्या भाषा ठेवत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइंड आणि नल असे दोन प्रकार असल्यामुळे तिथे निभावतं, तेही नीट तपासलं तर. पायथनच्या डिक्शनरीवर गेट म्हटलं की फील्ड नसलं तरी नन (पायथनमधलं नल) आणि नल असलं तरी नन. जावाच्या साध्या क्लासमध्ये जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीने भरलं की दोन्ही वेळा नलच दिसतं. गो भाषेत तर गोष्ट आणखी पुढे जाते: फील्ड नसेल तर संख्येच्या जागी शून्य, स्ट्रिंगच्या जागी रिकामी स्ट्रिंग, बूलियनच्या (होय-नाहीच्या) जागी फॉल्स. पॉइंटर (किमतीऐवजी तिचा पत्ता, जो रिकामा म्हणजे निलही असू शकतो) वापरला की सुटलो असं अनेकांना वाटतं, पण पॉइंटर फील्ड नसतानाही निल आणि नल असतानाही निल. शून्य आणि 'नाही' यांच्यातला फरक कळला, 'नाही' आणि 'काढून टाका' यांच्यातला हरवलाच.

याचा त्रास कसा होतो ते बघा. ॲपच्या नव्या आवृत्तीत 'मेलवर कळवा' असा होय-नाहीचा एक पर्याय येतो. सर्व्हरवरच्या स्ट्रक्टमध्ये (गोमधल्या फील्डांच्या साच्यात) एक बूलियन वाढतो, आणि जुन्या सगळ्या खात्यांना डेटाबेसमध्ये 'होय' भरलं जातं, म्हणजे कोणाचं काही बदलू नये. आता जुनंच ॲप वापरणारा कोणीतरी आपल्या नावातली चूक दुरुस्त करतो. त्याच्या रिक्वेस्टमध्ये हा पर्याय नाही, कारण ते ॲप लिहिलं तेव्हा तो पर्याय जन्मालाच आला नव्हता. डिकोडर (जेसन वाचून स्ट्रक्ट भरणारा भाग) इमानेइतबारे फॉल्स भरतो, हँडलर अख्खी ओळ अपडेट करतो, उत्तर २०० ('सगळं ठीक') जातं. नाव दुरुस्त झालं, मेल बंद झाले. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या. कारण टेस्टमधल्या रिक्वेस्ट नव्या ॲपच्या नमुन्यावर लिहिलेल्या. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी सहज म्हणतं, "हल्ली तुमचे मेल येत नाहीत," तेव्हा शोध सुरू होतो. तोही आधी मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवर.

यावर उपाय नाहीत असं नाही. २०१४ चं आरएफसी ७३९६ नेमकं हेच ठरवून देतं: फील्ड नाही म्हणजे हात लावू नका, नल म्हणजे काढून टाका, बाकी जे असेल ते भरा. त्याची किंमत अशी की 'नल' हीच खरीखुरी किंमत म्हणून साठवायची असेल तर या पद्धतीत ते सांगताच येत नाही. ॲरेही आतून दुरुस्त करता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. तरी रोजच्या कामाला ती पुरते. पायथनमध्ये पायडँटिक या लायब्ररीच्या मॉडेलला विचारता येतं की यातली कोणती फील्डं खरोखर आली होती. गोमध्ये स्वतःचा एक छोटा टाइप लिहावा लागतो, ज्याला 'आलं होतं का' आणि 'नल होतं का' या दोन्ही गोष्टी लक्षात राहतात. वीस-पंचवीस ओळींचं काम. मी ते प्रकल्पाच्या सुरुवातीलाच करून टाकावं या मताचा आहे, कारण नंतर ते सुचतं तेव्हा त्याच्यासोबत डेटा दुरुस्तीची स्क्रिप्टही लिहावी लागते.

न आलेल्या फील्डइतकंच जास्तीचं फील्डही बघावं लागतं. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह या प्रोग्रामरने गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एका फॉर्ममध्ये एक आगाऊ फील्ड घुसवून स्वतःची पब्लिक की (ओळख पटवणारी किल्ली) दुसऱ्याच्या खात्याला चिकटवली आणि थेट रेल्सच्या रिपॉझिटरीत (मूळ कोडमध्ये) आपला बदल कमिट करून दाखवला. तिथे जेसन नव्हता, पण दुखणं तेच: आलेलं सगळं आंधळेपणाने मॉडेलमध्ये ओतायचं. पुढच्या वर्षी रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स आले आणि कोणती फील्डं घ्यायची त्याची यादी हाताने लिहायची सवय लागली. अनोळखी फील्ड आलं तर गुपचूप सोडून द्यावं की ४०० ('रिक्वेस्टच चुकीची') द्यावा, यावर मात्र एकमत नाही. गोचा डिकोडर सोडून देतो, १.१० पासून त्याला कडक व्हायला सांगता येतं. बाहेरच्यांसाठी खुल्या असलेल्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायच्या सेवेत) मी कडकपणाच्या बाजूने आहे. फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं आणि सर्व्हरने ते निमूट गिळलं, तर पाठवणारा समजतो की बदल झाला, आणि आपण समजतो की त्याने काही पाठवलंच नाही.

एकाच ऑब्जेक्टमध्ये तेच नाव दोनदा आलं तर? मानक म्हणतं नावं वेगळी असावीत, पण 'असलीच पाहिजेत' म्हणत नाही. त्यामुळे कोणी पहिलं धरतं, कोणी शेवटचं. २०१७ मध्ये काऊचडीबी या डेटाबेसमध्ये यातून मोठं भोक निघालं. तिथे एकच दस्तऐवज दोन पार्सर वाचत होते, एक अर्लँग भाषेतला, एक जावास्क्रिप्टमधला. नवा वापरकर्ता नोंदवताना भूमिकांचं फील्ड दोनदा द्यायचं: आधी ॲडमिन, मग रिकामं. तपासणी करणाऱ्या जावास्क्रिप्टला दुसरं दिसलं, म्हणून त्याने जाऊ दिलं; नंतर अधिकार ठरवणाऱ्या अर्लँगने पहिलं धरलं. झाला ॲडमिन. दोन्ही पार्सर आपापल्या जागी बरोबर होते. आता सर्व्हरच्या पुढे गेटवे (रिक्वेस्ट आधी घेऊन पुढे देणारा सर्व्हर), मागे तीन सर्व्हिसेस आणि प्रत्येकीची भाषा वेगळी, अशी रचना सर्रास असते, तेव्हा तपासणाऱ्याने मूळ मजकूर पुढे ढकलण्याऐवजी स्वतः उलगडलेलं ऑब्जेक्ट नव्याने लिहून पुढे द्यावं.

संख्यांचं दुखणं जुनं आणि प्रसिद्ध आहे, तरी दरवर्षी कोणीतरी त्यात सापडतंच. जेसनमध्ये संख्या कितीही मोठी लिहिता येते. जावास्क्रिप्ट मात्र ती डबलमध्ये (ठराविक लांबीच्या दशांश साच्यात) बसवतं, आणि तिथे पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनधोक असतात. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर ब्राउझरमध्ये तो ९००७१९९२५४७४०९९२ होतो. एकाचाच फरक, पण तो आयडी असेल तर समोर दुसऱ्याच माणसाची नोंद उघडते, नाहीतर काहीच उघडत नाही. ट्विटरचे आयडी मोठे व्हायला लागले तेव्हा २०१० मध्ये त्यांना प्रत्येक आयडीच्या शेजारी त्याची स्ट्रिंग द्यावी लागली होती. आयडीवर कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही. तो पहिल्यापासून स्ट्रिंग ठेवला तर बिघडतं कुठे? पैशांचंही तसंच. पायथनमध्ये डेसिमल (अचूक दशांश संख्या) जेसनमध्ये टाकायला गेलं की टाइपएरर येते, आणि लोक वैतागून त्यावर फ्लोट (डबलसारखीच अंदाजे संख्या) गुंडाळतात. ती एरर मला फ्रेमवर्कच्या जगातल्या मोजक्या प्रामाणिक एररपैकी वाटते. ती विचारत असते: हे कसं लिहायचं ते तू ठरवलंयस का?

बाहेर जाणाऱ्या जेसनकडे त्या मानाने कमी लक्ष जातं. आलेल्या डेटावर सगळ्यांचा संशय असतो, जाणारा डेटा आपला म्हणून लाडका. डेटाबेसचं मॉडेल घ्यायचं, सीरियलाइज करायचं (जेसनच्या मजकुरात लिहायचं), सोडून द्यायचं. मग वापरकर्त्यासोबत त्याच्या पासवर्डचा हॅशही (साठवलेलं विस्कटलेलं रूप) बाहेर जातो; ऑर्डरमध्ये ग्राहक आणि ग्राहकामध्ये ऑर्डर असं गोल फिरत राहून स्टॅक (अर्धवट कामांची रास) फुटतो; किंवा फुटत नाही, पण एका यादीसाठी डेटाबेसला शेकडो क्वेरी जातात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रूपासाठी वेगळा छोटा क्लास लिहावा, त्यात फील्डं नाव घेऊन लिहावीत. कंटाळवाणं आहे, मान्य.

पीएचपीमधली एक खास खोडी इथे सांगायलाच हवी. पीएचपीत यादी आणि कोश (नाव-किंमत जोड्या) दोन्हींना एकच ॲरे. सीरियलाइज करताना तो बघतो की क्रमांक शून्यापासून ओळीने आहेत का. असतील तर चौकोनी कंस, नसतील तर महिरपी. आता पाच वस्तूंच्या यादीतून ॲरे-फिल्टरने मधली एक गाळली. उरलेल्यांचे क्रमांक ०, १, ३, ४. मध्ये खंड पडला म्हणून बाहेर ऑब्जेक्ट जातं. शेवटची वस्तू गाळली असती तर यादीच गेली असती. समोरचा मोबाइलवाला सांगतो की ॲप कधीकधी पडतं, आणि खरोखरच ते कधीकधीच पडतं. उलट बाजूने, रिकामा कोश चौकोनी कंसांत जातो, कारण रिकाम्या ॲरेला आपण कोश असल्याचं माहीत नसतं. गाळल्यावर क्रमांक नव्याने लावून घेणं एवढाच इलाज, पण तो शोधेपर्यंत दोन टीममध्ये बरीच बोलाचाली होते.

देवनागरी मजकूर पाठवणाऱ्यांना एक गोष्ट ओळखीची असेल. पायथन आणि पीएचपी, दोघेही काही न सांगता सोडलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी कोड लिहितात. 'नमस्कार' यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटचा. या रूपात ४२. चूक काही नाही, समोरचा पार्सर तो बरोबर वाचतो, आणि वाटेत जीझिप (मजकूर दाबून लहान करणं) असेल तर आकाराचंही फारसं वाटत नाही. पण लॉगमध्ये डोळ्यांनी काही वाचायचं म्हटलं तर पंचाईत. एक सेटिंग बदललं की सुटतं.

शेवटी एररबद्दल, कारण एपीआय लिहिणाऱ्याचा स्वभाव तिथे कळतो. ज्या एका बाहेरच्या सेवेशी जोडून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, तिचं उत्तर काहीही झालं तरी २०० असायचं. आत 'सक्सेस' नावाचं फील्ड, आणि त्यात फॉल्स. पण बूलियन नव्हे, अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग. पायथन असो की जावास्क्रिप्ट, रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग अटीत खरीच ठरते. म्हणजे अपयश तपासणाऱ्या सरळ साध्या अटीला ते यश वाटायचं. खरं तर स्टेटस कोड याचसाठी असतात. जेसन मोडका असेल तर ४००, लेबल चुकीचं असेल तर ४१५, जेसन बरोबर पण आतली किंमत चालण्यासारखी नसेल तर ४२२. काही जण तिथेही ४००च देतात, हरकत नाही, पण सगळीकडे एकच नियम ठेवा. एररच्या बॉडीचं रूपही आता ठरलेलं आहे: २०१६ चं आरएफसी ७८०७, आणि २०२३ पासून त्याच्या जागी आलेलं ९४५७. प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील, अशी मोजकी फील्डं. मला त्याचं शब्दांकन जरा जड वाटतं, तरी प्रत्येक टीमने आपापला साचा नव्याने पाडण्यापेक्षा बरं.

पण हे सगळं नीट केलं तरी एक फट राहते. हँडलरच्या बाहेर काही फुटलं, रूटच सापडला नाही, किंवा पुढचा प्रॉक्सीच (मधला सर्व्हर) वेळ संपल्यामुळे कंटाळला, की उत्तर म्हणून एचटीएमएलचं पान जातं. समोरचा ते जेसन म्हणून उघडायला जातो आणि त्याला दिसतं की पहिल्याच जागी '<' हे अनपेक्षित चिन्ह आलंय. ती एरर माझ्याकडे तिकीट म्हणून येते, शीर्षक असतं 'सर्व्हर चुकीचा जेसन पाठवतोय'. फ्रेमवर्कमधले ४०४ (सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरवर काही फुटलं) आपण जेसनमध्ये वळवू शकतो आणि वळवावेतच. प्रॉक्सीचा ५०४ (वेळ संपली) बरेचदा आपल्या हातात नसतो. त्यामुळे क्लायंट लिहिणाऱ्याला मी सांगतो की बॉडी उघडण्याआधी स्टेटस आणि कन्टेन्ट-टाइप दोन्ही बघ, आणि जेसन नसेल तर निदान पहिली शंभरेक अक्षरं लॉगमध्ये टाक, म्हणजे तिकीट योग्य टीमकडे जाईल.